परवान्याचे पिस्तूल घेऊन रेल्वे, बस आणि विमानाने प्रवास : पात्रता, कागदपत्रे आणि नियम

शस्त्र परवाना हातात पडला की पिस्तूल कुठेही आणि कसेही नेता येते, असा अनेक परवानाधारकांचा समज असतो, आणि प्रवासात होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ याच समजात आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ यांनी शस्त्र बाळगण्याची परवानगी आणि ते सार्वजनिक ठिकाणी नेण्याची पद्धत या दोन्ही गोष्टींवर स्वतंत्र बंधने घातली आहेत. आपल्याकडे पिस्तूल झाकून नेणे ही परवानाधारकाची मर्जी नाही, तो नियमच आहे. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या साधनात ठेवावे लागते, ते पूर्णपणे झाकलेले असावे लागते आणि बाळगणाऱ्याचा त्यावर प्रत्यक्ष ताबा असावा लागतो.

परवान्यासाठी अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे पूर्ण असावे. हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या व्यक्तीला ठरावीक काळापर्यंत आणि मनोविकल व्यक्तीला शस्त्र बाळगता येत नाही. ग्रामीण भागात अर्ज जिल्हादंडाधिकारी, म्हणजेच जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयातील शस्त्र परवाना शाखेकडे, तर मुंबई, पुणे, नागपूर अशा आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलिस आयुक्तांकडे करावा लागतो. विहित नमुना ए-१ मधील अर्जासोबत छायाचित्रे, जन्मतारखेचा व ओळखीचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, मानसिक आणि शारीरिक आरोग्याबाबतचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र घरी सुरक्षित ठेवण्याची हमी जोडावी लागते. अग्निशस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाची तरतूदही या नियमांत आहे, आणि माझ्या मते सर्वांत गांभीर्याने घ्यायची गोष्ट तीच आहे, कारण गर्दीत धोका असतो तो सराव नसलेल्या हाताचा.

यानंतर स्थानिक पोलिस ठाण्याकडून चौकशी अहवाल मागवला जातो. अर्ज नाकारल्यास जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आणि एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली.

प्रवासाला निघण्यापूर्वी परवान्यावरील क्षेत्राचा रकाना नीट वाचावा. परवाना एखाद्या जिल्ह्यापुरता, राज्यापुरता किंवा संपूर्ण भारतासाठी वैध असू शकतो. महाराष्ट्रापुरता परवाना असलेली व्यक्ती कोल्हापूरहून बेळगावला बसने जात असेल, तर राज्याची हद्द ओलांडताच तिच्याकडील शस्त्राला परवान्याचा आधार उरत नाही, त्यामुळे क्षेत्रवाढीची परवानगी आधीच घेतलेली असावी. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे, आणि परवान्याच्या अटींचा भंग हादेखील वेगळा गुन्हा आहे.

रेल्वेचा डबा, फलाट, एसटी बस ही सारी लोकांच्या वावराची ठिकाणे आहेत. प्रत्यक्ष ताब्याची अट लक्षात घेता पिस्तूल असलेली पिशवी सामानाच्या फळीवर ठेवून झोपणे किंवा शेजाऱ्याला तिच्यावर लक्ष ठेवायला सांगून खाली उतरणे योग्य नाही. मूळ परवाना जवळ असावा, कारण अधिनियमाच्या कलम १९ नुसार पोलिस अधिकारी तो पाहायला मागू शकतात. कलम २० तर त्याहून पुढे जाते, आणि हे कलम फार थोड्या लोकांना माहीत असते. परवाना असो वा नसो, शस्त्र ज्या रीतीने किंवा ज्या परिस्थितीत नेले जात आहे त्यावरून बेकायदा हेतूचा सबळ संशय येत असेल, तर पोलिसांप्रमाणेच रेल्वे, विमान, जहाज किंवा अन्य वाहनावर काम करणारी व्यक्तीही, म्हणजे तिकीट तपासनीस किंवा बसचा वाहकसुद्धा, वॉरंटाविना अटक करून शस्त्र जप्त करू शकते. वादावादीत शर्ट बाजूला करून पिस्तूल दाखवणे किती महागात पडेल, हे यावरून ध्यानात यावे. शस्त्राचे असे प्रदर्शन नियमांनीही निषिद्ध आहे.

मेट्रोची गोष्ट वेगळी आहे. तेथे प्रवेशद्वारावर अंगझडती आणि सामानाची तपासणी होते. दिल्ली मेट्रोत हे काम केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल पाहते आणि तेथे प्रवाशांना शस्त्र नेण्यास मनाई आहे. केवळ परवाना दाखवून आत जाता येईल, असे गृहीत धरू नये.

विमानात पिस्तूल हातातील सामानात किंवा अंगावर नेता येत नाही. ते नोंदणीकृत सामानातूनच जाते. काउंटरवर शस्त्राची स्वतःहून माहिती द्यावी, मूळ परवाना दाखवावा आणि शस्त्र पूर्णपणे रिकामे असावे. सर्वसाधारणपणे एका प्रवाशाला एक शस्त्र आणि ५० काडतुसांपर्यंत परवानगी मिळते. विमान कंपनीचे शुल्क आणि वेळेची अट आधी विचारून घ्यावी. जुन्या बॅगेच्या कप्प्यात राहून गेलेले एखादे काडतूस क्ष-किरण तपासणीत सापडते आणि गुन्हा नोंदवला जातो, असे वारंवार घडते. गुन्हा ठरण्यासाठी काडतुसाचा ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच स्पष्ट केले आहे. तरीही ते न्यायालयात मांडेपर्यंत विमान निघून गेलेले असते आणि पुढे बराच काळ वकिलाकडे खेटे घालावे लागतात. म्हणून बॅग भरण्यापूर्वी तिचा प्रत्येक कप्पा रिकामा करून पाहावा.

निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचे आदेश निघू शकतात. तशी नोटीस मिळाली असल्यास शस्त्र पोलिस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्र विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि प्रवास शस्त्राविना करावा.