सत्तावीस दिवसांचा सम्राट आणि 115 किलो सोनं

मार्च 2011 मध्ये चीनच्या जिआंगशी प्रांतात, नानचांगजवळच्या एका टेकडीवर गावकऱ्यांना चोरांनी खणलेला खड्डा दिसला आणि त्यांनी लगेच वर्दी दिली. खड्डा जवळजवळ 15 मीटर खोल, सरळ दफनकक्षाच्या मधोमध उतरलेला. चोर मुरलेले होते. शवपेटी मधोमध असते हे त्यांना पक्कं ठाऊक. पण या थडग्याची रचना राहत्या घरासारखी होती, एका बाजूला बैठक आणि दुसऱ्या बाजूला निजायची खोली. पेटी ईशान्येकडच्या भागात होती. चोरांचा नेम थोडक्यात हुकला, आणि ल्यू हे नावाच्या माणसाची बाजू दोन हजार वर्षांनी का होईना, ऐकायला मिळाली.

तोवर त्याची बाजू कुणी मांडलीच नव्हती. इ.स.पू. 74 मध्ये हा तरुण हान साम्राज्याचा सम्राट झाला आणि सत्तावीस दिवसांत पदच्युत झाला. इतिहासकार बान गू याने दीडशे वर्षांनंतर लिहिलेल्या ग्रंथात तो उडाणटप्पू, बाईवेडा, शोकातही मेजवान्या झोडणारा असा रंगवलेला आहे. हे वर्णन ज्या कागदपत्रांवरून आलं ती त्याला हाकलणाऱ्यांनी तयार केलेली होती, एवढं लक्षात ठेवून पुढे वाचावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग याने आपल्या भाऊबंदांना राज्यं वाटून दिली होती. दोन पिढ्यांत हे भाऊबंद डोईजड झाले. वू प्रांताच्या राजाकडे तांब्याच्या खाणी आणि समुद्राचं मीठ, म्हणजे नाणी पाडायची सोय घरातच. छाओ त्स्वो नावाच्या मंत्र्याने सम्राटाला सांगितलं की यांचे प्रदेश काढून घेतले तरी हे बंड करणार आणि नाही काढले तरी करणार, फक्त आत्ता काढले तर बंड लहान असेल. इ.स.पू. 154 मध्ये सात राजे उठले. सम्राटाने त्यांना शांत करायला छाओ त्स्वोचाच बळी दिला. दरबारी पोशाखातच त्याला बाजारात नेऊन ठार केलं. बंड त्याने थांबलं नाही, सैन्याने तीन महिन्यांत मोडलं.

पण भाऊबंदांची खरी ताकद मोडली ती वारसाहक्काने. इ.स.पू. 127 मध्ये सम्राट वू याने हुकूम काढला की राजाच्या सगळ्या मुलांना जमिनीचा वाटा मिळावा. वरकरणी केवढी कृपा! थोरल्याला सगळं आणि धाकट्यांना काहीच नाही, हा अन्याय दूर होणार म्हटल्यावर विरोध कोण करणार? प्रत्यक्षात दर पिढीला राज्याचे तुकडे होत गेले. शेतीच्या वाटण्या पाहिलेल्या कुणालाही हे गणित समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरं हत्यार सोन्याचं होतं. दरवर्षी आठव्या महिन्यात सम्राटाच्या पूर्वजांच्या मंदिरात नव्या मद्याचा नैवेद्य असे आणि त्यासाठी प्रत्येक जहागीरदाराने दर हजार माणसांमागे चार लिआंग, म्हणजे सुमारे 62 ग्रॅम, सोनं द्यायचं. इ.स.पू. 112 मध्ये सम्राट वू याने हे सोनं तपासायला घेतलं. वजन कमी किंवा कस हिणकस म्हणून एका फटक्यात 106 जणांच्या जहागिरी जप्त. त्या वर्षी युद्धासाठी पुढे यायला जहागीरदारांनी टाळाटाळ केली होती, हे अर्थातच योगायोग म्हणून सोडून द्यायचं.

ल्यू हे हा याच सम्राट वू चा नातू, आजच्या शानदोंग प्रांतातल्या चांगयीचा राजा. सम्राट चाओ निपुत्रिक वारला तेव्हा खरी सत्ता ह्वो ग्वांग या कारभाऱ्याच्या हातात होती. सम्राट वू चा एक मुलगा हयात होता, पण तो वयाने मोठा आणि स्वतःच्या डोक्याने चालणारा. त्याचं वागणं बरं नाही म्हणून त्याला वगळलं. मग निवड झाली अठरा-एकोणीस वर्षांच्या ल्यू हेची. त्याला दत्तक घेणारी राजमाता अवघी पंधरा वर्षांची आणि ती ह्वो ग्वांगच्या मुलीची मुलगी! सगळं घरातल्या घरात.

पोराने मात्र घोळ घातला. राजधानी चांगआनकडे तो इतक्या वेगाने निघाला की वाटेत घोडे मरून पडले. आणि येताना एकटा आला नाही, चांगयीतली दोनशेहून अधिक माणसं बरोबर घेऊन आला आणि त्यांना पदं वाटू लागला.

पदच्युतीच्या वेळी वाचलेल्या आरोपपत्रात 1127 हा आकडा येतो. लोकप्रिय लिखाणात तो ‘1127 गुन्हे’ म्हणून फिरतो, दिवसाला चाळीसहून जास्त पापं, कुणालाही हसू यावं असा. मूळ मजकूर वाचला तर तिथे वेगळंच आहे: सत्तावीस दिवसांत सम्राटाचे दूत शासनदंड घेऊन वेगवेगळ्या खात्यांत गेले आणि त्यांनी एकूण 1127 मागण्या-हुकूम बजावले. म्हणजे नवा सम्राट कारभाऱ्याला बाजूला ठेवून थेट खात्यांना हुकूम सोडत होता. ह्वो ग्वांगला हे मेजवान्यांपेक्षा नक्कीच जास्त खुपलं असणार.

एके दिवशी दरबार भरला. राजवाड्याचे दरवाजे बंद करून चांगयीच्या माणसांना बाहेर अडवलं आणि पकडलं. पंधरा वर्षांच्या राजमातेसमोर आरोपपत्र वाचलं गेलं. ल्यू हेने एक प्राचीन वचन ऐकवलं, की टोकणारे सात मंत्री असतील तर वाट चुकलेला सम्राटही राज्य गमावत नाही. ह्वो ग्वांगने उत्तर दिलं की राजमातेने तुम्हाला काढलं आहे, आता कसले सम्राट! आणि त्याचा हात धरून राजमुद्रेची दोरी सोडवली. बरोबर आलेल्या दोनशेहून अधिक लोकांना ठार केलं. वधस्तंभाकडे जाताना ते ओरडत होते की वेळेवर घाव घातला नाही, म्हणून ही पाळी आली. विजेत्यांच्या इतिहासात हे वाक्य कसं टिकलं कोण जाणे. पण ते वाचल्यावर चांगयीकर मंडळी नुसती दारू पीत बसली होती यावर विश्वास ठेवणं कठीण जातं.

ल्यू हेचे गुरू वांग शी यांनाही पकडलं होतं. राजाला ताळ्यावर आणणारं एकही लेखी निवेदन तुम्ही का दिलं नाही, असं विचारल्यावर ते म्हणाले की मी त्याला रोज जुन्या काव्यसंग्रहातल्या 305 कविता शिकवत होतो, निष्ठावान मंत्र्यांच्या आणि मातृपितृभक्त पुत्रांच्या पुन्हा पुन्हा म्हणून आणि वाट चुकलेल्या राजांच्या रडून. तीच माझी निवेदनं. त्यांचा जीव वाचला.

आता थडग्यात परत येऊ. कक्ष कोसळून आत भूजल भरलं होतं, बहुधा इ.स. 318 च्या भूकंपानंतर, असा उत्खनन करणाऱ्यांचा अंदाज आहे. पाण्याखाली ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून लाकूड, लाखकाम, बांबू टिकले. आम्लधर्मी मातीत हाडं मात्र विरघळली. उरले दात, आणि पोटाच्या जागी खरबुजाच्या बिया. कमरेजवळ जेडचा लहानसा शिक्का सापडला, त्यावर ‘ल्यू हे’ ही अक्षरं. ओळख पटली.

पाच हजारांहून अधिक बांबूपट्ट्या मिळाल्या, त्याही पाण्यात भिजलेल्या शेवयांसारख्या मऊ, एकमेकींना चिकटलेल्या आणि काळ्या पडलेल्या. साध्या डोळ्यांना काळ्यावर काळं. पण शाई काजळीची असते आणि काजळी अवरक्त किरण शोषून घेते, तर जुना बांबू ते परावर्तित करतो. त्यामुळे अवरक्त कॅमेऱ्यात अक्षरं उठून दिसू लागली. एका पट्टीवर अनुक्रमणिकेसारखी नोंद आहे: कविता, तीनशे पाच. वांग शी खोटं बोलत नव्हते. शिवाय कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहाची हरवलेली ‘छी’ परंपरेची प्रतही निघाली, ज्यातलं एक प्रकरण सुमारे अठराशे वर्षं कुणी वाचलं नव्हतं. कांस्याच्या आरशाच्या चौकटीवर कन्फ्यूशियसचं चित्र आहे, आजवर सापडलेल्यांत सर्वांत जुनं. ग्रंथ जवळ बाळगणारा माणूस सज्जनच असतो असं नाही. तरी ‘उडाणटप्पू’ हा शिक्का जरा सैल पडतो.

पदच्युतीनंतर तो दहाहून अधिक वर्षं चांगयीत नजरकैदेत होता. ह्वो ग्वांग वारला, त्याच्या घराण्याचा इ.स.पू. 66 मध्ये समूळ नाश झाला, तरी नव्या सम्राटाला, श्वानला, ल्यू हेची वाटणारी धास्ती संपेना. त्याच वर्षी जांग छांग या अधिकाऱ्याने जाऊन पाहणी केली. त्याचा अहवाल सरकारी नमुन्याचा आहे: रंग सावळा, डोळे बारीक, नाक टोकदार, दाढी विरळ, उंच, पाय अधू, सोळा बायका, बावीस मुलं. अंदाज घ्यायला अधिकाऱ्याने घुबडांचा विषय काढला. चीनमध्ये तेव्हा घुबड म्हणजे आईला खाणारा अपशकुनी पक्षी, अशी समजूत. ल्यू हे भोळेपणाने म्हणाला, हो, चांगआनला गेलो होतो तेव्हा घुबडं नव्हती, परत येताना पुन्हा ओरडताना ऐकली. अधिकाऱ्याने निष्कर्ष काढला की माणूस निर्बुद्ध आहे, भीती नाही. मला हे निर्बुद्धपणाचं सोंग वाटतं. शिक्क्यावर कोरलेला प्राणी घुबडच आहे, असं काही अभ्यासकांचं मत आहे.

भीती नाही म्हटल्यावर इ.स.पू. 63 मध्ये त्याला दूर दक्षिणेत हायहुनची, 4000 कुटुंबांची जहागीर मिळाली. अट एकच, पूर्वजांच्या मंदिरातल्या विधींना यायचं नाही. आणि इथेच थडग्यातलं सोनं बोलू लागतं. सुमारे 115 किलो, कस 99 टक्क्यांच्या आसपास. काही चकत्यांवर शाईने लिहिलंय: दक्षिणेचा सेवक हायहुनचा जहागीरदार (ल्यू) हे, युआनकांगचं तिसरं वर्ष, मद्यनैवेद्याचं सोनं, एक जिन (सुमारे पाव किलो). म्हणजे इ.स.पू. 63, जहागीर मिळाली तेच वर्ष. सोनं तयार होतं, नाव घातलेलं होतं, पण मंदिराचं दार बंद असल्यामुळे ते कुणाला द्यायचं?

घरटी पाच माणसं धरली तर 4000 कुटुंबांचा वार्षिक नजराणा साधारण सव्वा किलो होतो. त्या हिशेबाने 115 किलो म्हणजे नव्वद वर्षांची बेगमी. हे सगळं हायहुनमधून येणं शक्य नाही. बराच भाग वडिलार्जित असावा, कारण हकालपट्टीच्या वेळी चांगयीच्या राजघराण्याची संपत्ती त्याच्याकडेच राहू दिली होती. सत्ता काढून घ्यायची आणि तिजोरी ठेवू द्यायची, असा हा सौदा.

हायहुनमध्ये एका माजी अधिकाऱ्याने त्याला विचारलं, तेव्हा राजवाड्यातून बाहेर न पडता त्या सेनापतीचं, ह्वो ग्वांगचं, डोकं का नाही उडवलंत? ल्यू हे म्हणाला, खरं आहे, चुकलंच. चार भिंतींतलं हे बोलणं राजधानीत पोचलं आणि 4000 पैकी 3000 कुटुंबं काढून घेण्यात आली. इ.स.पू. 59 मध्ये तो वारला, वय तेहतिसाच्या आसपास. वारस म्हणून नाव गेलेला मुलगा लगेच गेला, त्याच्यामागून दुसराही. प्रांताच्या अधिकाऱ्याने कळवलं की या वंशाचा निर्वंश व्हावा ही दैवाचीच इच्छा दिसते, आणि दरबाराने जहागीर रद्द केली. पुरातत्त्वज्ञांना वाटतं ते असं: जहागीरच गेल्यावर मानाच्या वस्तू आणि नजराण्याचं सोनं घरात ठेवायचा अधिकार कुणालाच उरला नाही, म्हणून सगळंच बापाबरोबर पुरलं गेलं. पुढे सम्राट युआनच्या काळात ल्यू हेच्या आणखी एका मुलाला हायहुन परत मिळालं.