शेळीला सगळं माफ

नेरूळला माझ्या बहिणीच्या सोसायटीत लिफ्टशेजारी एक फलक आहे. आवारात सायकल चालवू नये, क्रिकेट खेळू नये, फुलं तोडू नयेत, कबुतरांना दाणे घालू नयेत. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर माझा भाचा शनिवारी दुपारी एका माळ्याचं दाताळं पळवून तळ्यात बुडवत असतो. भाचा या व्हिडिओगेममध्ये बदक आहे. पांढरं, लांब मानेचं, अत्यंत उद्दाम बदक. खेळाचं नाव ‘अनटायटल्ड गूज गेम’, म्हणजे बिननावाचा खेळ. या बदकाला ना शत्रू मारायचेत, ना राजकन्या सोडवायची आहे. चोचीत कामांची यादी आहे आणि प्रत्येक काम म्हणजे कुणाची तरी खोडी.

असल्या खेळांना आज स्वतःचा चाहतावर्ग आहे. तो एका दिवसात जमलेला नाही.

खेळांत प्राणी पहिल्यापासून आहेत, पण बहुतेकदा नेम धरायला. नव्वदच्या दशकात ठाण्यात टीव्हीला जोडायचे व्हिडिओगेम घरोघर आले, त्यांच्या कॅसेटमध्ये हमखास असायचा तो निन्तेन्दो या जपानी कंपनीचा १९८४चा ‘डक हंट’. हातात प्लॅस्टिकची बंदूक, पडद्यावर बदकं. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा आणि बंदुकीतला सेन्सर तो दिसला का ते बघायचा. नेम चुकला की गवतातून कुत्रा वर यायचा आणि तोंडावर पंजा धरून खिदळायचा. आम्ही सगळ्यांनी त्या कुत्र्यावर गोळ्या झाडल्या आहेत. त्याला काही व्हायचं नाही. माझ्या मते आजच्या उपद्व्यापी प्राण्यांचा मूळपुरुष तोच. माणसाची फजिती बघून हसणारा आणि त्याबद्दल कसलीच शिक्षा न होणारा.

मधली कडी तांत्रिक आहे. पूर्वी खेळातला माणूस पडायचा तो ठरलेल्या पद्धतीने, कारण ते पडणं आधीच चितारलेलं असायचं. मग संगणकच सांध्यांचं, वजनाचं, धक्क्याचं गणित मांडू लागला आणि पात्र चिंध्यांच्या बाहुलीसारखं लोळू लागलं. इंग्रजीत याला ‘रॅगडॉल’च म्हणतात. १९९८च्या ‘ट्रेसपासर’ या डायनासोरांच्या खेळात हे आलं तेव्हा हेतू गंभीर होता, सगळं खरं वाटावं असा. झालं भलतंच. गणित चुकलं की पाय भिंतीत अडकायचा, मान पिळवटायची, धड हवेत तरंगायचं. नायकाच्या बाबतीत असं झालं की लोक खेळाला सदोष म्हणायचे.

पण काहींना त्या चुकांतच मजा दिसली. बेनेट फॉडी यांच्या २००८मधल्या ‘क्वॉप’मध्ये धावपटूच्या मांड्या आणि पोटऱ्या चार कळांनी हलवायच्या असतात, आणि दोन पावलांत तो तोंडावर आपटतो. २०१०मध्ये शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ‘ऑक्टोडॅड’ केला: सूटबूट घातलेला ऑक्टोपस माणसांच्या घरात बाप म्हणून राहतो आणि घरच्यांना पत्ताच नाही.

मग आली शेळी. स्वीडनमधल्या श्योव्दे गावच्या कॉफी स्टेन स्टुडिओज या कंपनीत जानेवारी २०१४मध्ये आपापसात गंमत म्हणून काही खेळ बनवले गेले. त्यांतला एक शेळीचा. तेव्हा ‘सिम्युलेटर’ नावाच्या खेळांची चलती होती, ट्रक हाका, ट्रॅक्टर चालवा, शेत नांगरा. त्यांची ही टिंगल: शेळी होऊन बघा. कच्च्या खेळाचा व्हिडिओ लोकांनी इतका डोक्यावर घेतला की तो विकायला आणावाच लागला. तारीख निवडली १ एप्रिल. ‘गोट सिम्युलेटर’मधली शेळी धडका देते, जीभ लांब काढून वाटेल ते चिकटवून ओढत नेते, गाडीखाली सापडते, हवेत उडते, मान लांबवत जमिनीवर पडते आणि उठून चालू लागते. मरत नाही. खेळ बंद पडेल असे बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका, तेवढे काढू, बाकीचे हसवतात म्हणून राहू देऊ, असं कंपनीने उघड सांगितलं होतं.

मला यातला मुद्दा शेळीच आहे असं वाटतं. हाच गोंधळ सैनिकाच्या खेळात असता तर लोकांनी पैसे परत मागितले असते. शेळीला जपायला अब्रूच नाही, त्यामुळे तिची मान दीड मीटर ताणली गेली तरी कुणाला ती चूक वाटत नाही. (नंतर २०२२मध्ये पुढचा भाग आला तो थेट ‘गोट सिम्युलेटर ३’. दुसरा भाग कधी आलाच नाही. हाही त्यांचा विनोद.)

बदकाची गोष्ट अगदी उलट आहे. मेलबर्नच्या हाउस हाउस या चौघांच्या चमूत २०१६मध्ये एकाने गप्पांच्या ग्रुपवर बदकाचा फोटो टाकला, यावर खेळ करू या म्हणून. २० सप्टेंबर २०१९ला तो बाजारात आला आणि वर्षअखेरीपर्यंत त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. इथे बग नाहीत, स्फोट नाहीत. टापटीप इंग्लिश गाव, कातरलेली कुंपणं, जागच्या जागी ठेवलेल्या कुंड्या. फ्रेंच संगीतकार देब्यूसीच्या पियानोरचनांचे बारीक बारीक तुकडे केलेत. बदक दबकत चाललं की ते थबकत वाजतात, माळी मागे लागला की धावत सुटतात. एक कळ निव्वळ कॅककन ओरडण्यासाठी आहे आणि भाचा ती विनाकारण दाबत राहतो. आपल्याकडे हंसाने दूध आणि पाणी वेगळं करायचं, सरस्वतीजवळ बसायचं. त्याच कुळातलं हे पाखरू माळ्याच्या किल्ल्या लांबवतं.

खोडी रंगायला आधी घडी नीट बसलेली लागते. सिडकोने सेक्टर आखून वसवलेल्या, फलक लावून चालवलेल्या या शहरातल्या पोराला ते गाव लगेच ओळखीचं वाटलं, यात नवल नाही.

खऱ्या जनावराचं मात्र असं नसतं. त्याच २०१९च्या फेब्रुवारीत ठाण्याच्या कोरम मॉलच्या पार्किंगमध्ये बिबट्या सीसीटीव्हीत दिसला, जवळच्या हॉटेलात शिरला, आणि वनखात्याने भुलीचं इंजेक्शन देऊन त्याला पकडलं. तेव्हा कुणी हसलं नव्हतं. बदकाच्या गावात लोक फार तर हुसकावतात, कुणाला खरचटतही नाही, आणि हसता येतं ते म्हणूनच.

सप्टेंबर २०२०मध्ये या खेळात दोघांनी मिळून खेळायची सोय आली. आम्ही घरात कोंडलेले होतो. दुसरं बदक झाली माझी बहीण, जिने त्या फलकाचा मजकूर सोसायटीच्या कमिटीत स्वतः लिहिला होता. आई सोफ्यावर बसून बघायची. ‘अगं, तो माळी बघतोय, थांब!’ तिला एकच पडलेलं, या बदकाला नेमकं हवंय तरी काय.

शेवटी कळतं (खेळायचा असेल तर पुढचं वाचू नका). सगळं गाव ओलांडून, पाठलाग चुकवून बदक चोचीत एक घंटा धरून घरी परततं आणि ती खड्ड्यात टाकतं. खड्डा आधीच तसल्याच घंटांनी भरलेला.

‘म्हणजे,’ आई म्हणाली, ‘हे ह्या बदकाचं रोजचंच आहे.’