ट्रेनिंग वेगळं, अभ्यास दौरा वेगळा: सरपंचांनो, एवढा घोळ थांबवा

गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्यातल्या ग्रुपवर मेसेज आला. ‘उद्या पहाटे ५ वाजता ट्रेनिंगची गाडी निघेल. हिवरे बाजार, राळेगण सिद्धी. येताना शनिशिंगणापूर, शिर्डी. स्वेटर घेणे.’ खाली चौदा अंगठे आणि तीन नमस्कार.

याला ट्रेनिंग म्हणत नाहीत, अभ्यास दौरा म्हणतात, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. मागच्या वेळी लिहिलं होतं तेव्हा ‘वहिनी, तुम्हीपण चला की, जागा आहे’ असं उत्तर आलं होतं. मी पाच वर्षं कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातल्या एका गावची सरपंच होते, आता नव्या सदस्यांच्या प्रशिक्षणात तास घेते. त्यामुळं दोन्हीकडचं बघितलंय आणि दोन्हीकडं तोच घोळ ऐकून कंटाळलेय.

प्रशिक्षण काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. बॅनर, दीपप्रज्वलन, भाषणापेक्षा लांबलेली पाहुण्यांची ओळख, मग पडद्यावर कलमं, जेवण, जेवणानंतरच्या डुलक्या, चार वाजता प्रमाणपत्र. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, अकराव्या परिशिष्टात २९ विषय आहेत, आपला कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमावर चालतो, ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, १०० किंवा मतदारांच्या १५ टक्के यातला कमी आकडा. हे तुम्ही एकदा तरी ऐकलंय. पुण्याच्या यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेचं पुस्तकही कपाटात कुठंतरी असेल. मी थट्टा करते, पण हे सगळं लागतं. नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही आणि नमुना ९ म्हणजे मागणीची, एवढं कळायला मला सहा महिने लागले होते आणि तोवर मी दाखवतील तिथं सही करत होते.

प्रशिक्षण आणि दौरा यांतले बाकीचे फरक किरकोळ आहेत. एक हॉलमध्ये, एक गाडीतून. एकाला प्रमाणपत्र, दुसऱ्याला ग्रुप फोटो. खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा ते भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना, विचारा (२०२४ पासून त्यांचं पद ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालंय, गावाच्या तोंडी ते भाऊसाहेबच राहणार). दौऱ्याला ‘एक्सपोजर व्हिजिट’ म्हटलेलं ऐकलं की माझं डोकं उठतं आणि प्रशिक्षणाला ‘क्षमता बांधणी’ म्हटलं की डोळ्यांपुढं कोल्हापुरी बंधारा येतो. पुढं चला.

खरा घोळ एकाच जागी होतो. दोन्हीकडं आपण शिकायलाच जातो, पण विचारायचा प्रश्न वेगळा असतो. प्रशिक्षणात विचारायचं, ‘मला हे करता येतं का? कोणत्या कलमानं, कोणत्या पैशातून?’ दौऱ्यात विचारायचं, ‘तुम्हाला हे जमलं कसं? आडवं कोण आलं? सुरुवात कुठून केली?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर चंदगडला जे, तेच शिरोळला. दुसऱ्याचं उत्तर त्या गावापुरतं खरं असतं. ते घरी आणून आपल्या गावाच्या मापानं पुन्हा बेतावं लागतं, मैत्रिणीच्या ब्लाउजवरनं आपलं ब्लाउज बेततात तसं.

माझ्यावरच गुदरलेलं सांगते. आमच्या गावात घरपट्टीची बाकी डोंगराएवढी. प्रशिक्षणात मी वहीत लिहून घेतलं होतं, कलम १४: कराचं बिल रीतसर बजावल्यावर तीन महिन्यांत सदस्यानं रक्कम भरली नाही, तर तो अपात्र ठरू शकतो. खाली दोन रेघा मारल्या होत्या. आता गंमत बघा. आमच्या नऊ सदस्यांपैकी पाच जणांची बाकी होती, त्यात तीन माझ्याच पॅनेलचे. कायदा मला पाठ होता आणि त्या वहीला मी वर्षभर हात लावला नाही. बिल बजावायचं कुणी? शिपाई त्यांच्याच भावकीतला. प्रशिक्षणात मी हात वर करून विचारलं होतं, ‘सर, लोक भरतच नाहीत, काय करायचं?’ उत्तर आलं, ‘लोकसहभाग वाढवा.’ म्हणजे माझाच प्रश्न इस्त्री करून मला परत.

मग दुसऱ्या वर्षी दौरा निघाला. लांबचं, कर वसुलीसाठी नावाजलेलं गाव. तिथं कर वेळेत भरणाऱ्याला दळण फुकट मिळायचं. चाळीस माणसं उतरली, पाऊण तास सरपंचांचं भाषण ऐकलं, गिरणीपुढं फोटो काढले. मी पाणी प्यायला म्हणून ग्रामपंचायतीच्या आत गेले, तर तिथला क्लार्क बिलांचे गठ्ठे करत बसला होता. प्रत्येक गठ्ठ्याला रबर आणि वर चिठ्ठी, चिठ्ठीवर त्या वॉर्डाच्या मेंबरचं नाव. मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, ‘ताई, मी एकटा बिल द्यायला जात नाही. त्या वॉर्डाचा मेंबर बरोबर असतो. आणि मेंबरनं स्वतःचं भरल्याशिवाय मी त्याच्याबरोबर जात नाही.’ पहिल्या वर्षी दोन मेंबर रुसले होते, त्यांच्या वॉर्डात तो गेलाच नाही. बाकीच्या वॉर्डात गटार झाली, तिथं झाली नाही. मग बायकांनीच मेंबरला धारेवर धरलं. एवढं सांगून तो परत रबरं लावायला लागला.

दौरा तो होता, त्या दोन मिनिटांचा. बाहेर बाकीची मंडळी गिरणीचा मेक विचारत होती.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. परत आल्यावर मासिक सभेत ठराव झाला तो गिरणीचा. मी अल्पमतात राहिले. गिरणी आली, नारळ फुटला, पहिल्याच वर्षी लाइट बिल थकलं आणि आता तिच्यावर कबुतरं बसतात. वसुली पुढं जी काही सुधारली ती गठ्ठे आणि रबरं यांच्यामुळं, आणि त्यातही आम्हाला क्रम बदलावा लागला. आमचे मेंबर गटारीला दाद देणारे नव्हते. शेवटी ग्रामसभेत बाकीदारांची यादी वाचताना सुरुवात सदस्यांपासून करायची, असं ठरवलं आणि आदल्या संध्याकाळी चार पावत्या फाटल्या.

तेव्हा कलम १४ नसतं तर माझ्या यादीला धाक नव्हता, आणि रबराचे गठ्ठे बघितले नसते तर कलम १४ वहीतच राहिलं असतं. दोन्ही लागतं. एकाकडून दुसऱ्याचं काम होत नाही.

उलटा घोळही होतो, आणि तो महागात जातो. दौऱ्यात कायदा शिकायला जाऊ नका. यजमान सरपंच ‘आम्ही असं करतो’ म्हणतात तेव्हा ते त्यांच्या गावची, त्यांच्या काळची गोष्ट सांगत असतात. त्यांचा पैसा कोणत्या योजनेतला होता, तेव्हा शासन निर्णय कोणता होता, हे तुम्हाला माहीत नसतं. मग घरी येऊन म्हणायचं, त्या गावानं कमान केली, आपणही वित्त आयोगाच्या पैशातून करू. अहो, १५व्या वित्त आयोगात (२०२१ ते २०२६) त्यातला ६० टक्के निधी बंधित होता, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेलाच. लेखापरीक्षकाला ‘त्या गावात केलंय’ हे उत्तर चालत नाही, वसुली तुमच्या नावावर निघते. हा प्रश्न प्रशिक्षणाचा. तिथं विचारायला लाज वाटते म्हणून लोक गाडीत विचारतात.

हिवरे बाजारचंच घ्या. पोपटराव पवारांनी १९८९ च्या सुमारास गावाची धुरा घेतल्यापासून तिथं जे झालं त्याबद्दल मला आदरच आहे, पद्मश्री उगीच मिळत नाही. पण आमची मंडळी तिथून ‘शेतीला बोअर बंद’ एवढं वाक्य घेऊन येतात. ते गाव पर्जन्यछायेतलं. गगनबावड्याच्या सरपंचांनी त्या वाक्याचं काय करायचं, जिथं पावसाळ्यात छत्री वाळत नाही? आणि शिरोळात तर रडगाणं उलटंच आहे, पाणी जास्त होऊन जमिनी क्षारपड झाल्यात. दोघांनाही उपयोगी पडेल अशी गोष्ट तिथं आहे, ती म्हणजे पाण्याचा ताळेबंद: पाऊस मोजायचा, आणि त्या आकड्यावर गावानं बसून पिकं ठरवायची. आधी मोजायचं, मग ठरवायचं. पण ताळेबंदाचा फलक फोटोत चांगला येत नाही.

आता जवळचं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हा कित्ता गिरवायला सांगितलं. हातकणंगल्यातलं माणगाव लगेच पुढं आलं, तेच आंबेडकर-शाहूंच्या १९२० च्या परिषदेचं माणगाव. आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला. पण मग ठरावाच्या झेरॉक्स फिरायला लागल्या. एका गावच्या ग्रामसभेला मी पाहुणी होते. ठराव वाचला गेला, मधेच ‘हेरवाड ग्रामस्थ याद्वारे’ असं आलं, वाचणाऱ्याच्या लक्षात आलं नाही आणि हात वर गेले, मंजूर, मंजूर. चार महिन्यांनी त्याच गावात, ठरावाचे जे सूचक होते त्यांच्याच भावकीत, बांगड्या फुटल्या.

हेरवाडला जायचं असेल तर ठरावाची प्रत मागायला जाऊ नका, ती मोबाइलवर येते. ठरावानंतर गावात पहिली मयत झाली तेव्हा काय झालं, ते विचारा. त्या घरात कोण गेलं, सासूशी कोण बोललं, तेराव्याला काय केलं. आणि हे विचारायला बायकांना पाठवा. ठराव मोडला तर ग्रामपंचायतीला नेमकं काय करता येतं, हे मात्र प्रशिक्षणात विचारा.

बायकांवरनं आठवलं. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा आमच्या आहेत. प्रशिक्षणाला बाई येते, कारण हजेरीपटावर तिची सही लागते. दौऱ्याला तिचे मिस्टर. ‘तिला गाडी लागते.’ मला हे वाक्य इतक्या वेळा ऐकवलंय की आता मी गोळ्यांची पट्टी पर्समध्ये ठेवते आणि समोर धरते.

दौऱ्याला कुणी जावं याबद्दल माझं मत ठाम आहे. सरपंच, भाऊसाहेब, क्लार्क, पाणी सोडणारा माणूस आणि विरोधी गटाचा एक सदस्य. शेवटच्याला सगळे नाक मुरडतात. आपल्याकडं सेवा सोसायटी, दूध संस्था आणि ग्रामपंचायत ही तीन वेगळी मैदानं, आणि तिन्हीकडं तेच दोन गट. जे विरोधकानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं नाही ते गावात येऊन तो होऊ देत नाही. आठ तास एकाच गाडीत बसला, एकाच ढाब्यावर जेवला, की निदान ‘आम्हाला विश्वासात घेतलं नाही’ हे तरी म्हणता येत नाही. पहिल्या वर्षी मात्र दौऱ्याला जाऊच नका. आधी स्वतःचं एखादं काम फसू द्या, त्याशिवाय काय विचारायचं हे कळत नाही. पहिलं वर्ष प्रशिक्षणाचं. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती बघून डाव येत नाही, त्याला वस्ताद लागतो. आणि डाव आला, की मग दुसऱ्या तालमीत पहाटे जाऊन त्यांची मेहनत कशी चालते ते बघायचं. आपले दौरे पहाटेऐवजी मैदानाच्या दिवशी जातात.

आणि चारशे किलोमीटर कशाला? २०१९ चा पूर झाल्यावर आपत्तीच्या प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. बरोबर आहे, ते पाठच पाहिजे. पण माझ्या गावात कोणत्या फुटाला कोणती गल्ली बुडते ते त्यात नव्हतं. मग आम्ही पाच जण शिरोळकडच्या एका गावी गेलो, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. त्यांच्या शाळेच्या भिंतीवर पुराच्या रेघा होत्या. सरपंचांच्या खिशातल्या छोट्या वहीत मात्र बंधाऱ्याचा फूट, आणि त्यापुढं गल्ली, गुरांची संख्या, आजारी माणसं, गरोदर बायका, गाडी कुणाची. आमच्या पाणी सोडणाऱ्या मामांनी ती वही उलटीपालटी केली आणि म्हणाले, ‘आपली स्मशानाकडची वाट ४१ ला जाते, त्याआधीच गुरं काढाय पाहिजेत.’ हे त्यांना कायमच माहीत होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आमची वही त्याच आठवड्यात झाली आणि २०२१ च्या जुलैत लागली.

त्या दिवशी बॅनर नव्हता, म्हणून फोटो नाही. फोटो नाही, म्हणून भाऊसाहेबांना खर्च कुठं टाकायचा ते सुचेना. पाच जणांचं जेवण आणि गाडीचं डिझेल शेवटी आम्हीच वाटून घेतलं.