तळघरातला लाकडाचा स्टोव्ह आणि लाकडाची फर्नेस: रूप सारखे, काम वेगळे

जाड पोलादी पेटी, समोर लाकडे घालायचे दार, खाली राखेचा कप्पा आणि मागून वर जाणारा धुराचा नळ एवढेच पाहिले, तर लाकडावर चालणारा स्टोव्ह आणि लाकडावर चालणारी फर्नेस यांतला फरक चटकन सांगता येत नाही. जुने सामान विकणारेसुद्धा ही दोन्ही नावे एकाच वस्तूला लावतात, आणि तळघरात काहीतरी बसवून सारे घर उबदार करावे अशा विचाराने आलेला माणूस आकार आणि किंमत पाहून निवड करून मोकळा होतो. ही निवड चुकली, तर दोनतीनशे किलो वजनाची जी वस्तू मोठ्या कष्टाने जिन्यावरून खाली नेली, तीच पुन्हा वर आणावी लागते. म्हणून हा फरक वस्तू उचलण्याआधीच नीट समजून घेतला पाहिजे.

स्टोव्ह ज्या खोलीत ठेवला असेल ती खोली तापवतो. त्याचे अंग उघडे असते आणि बरीचशी उष्णता त्या तापलेल्या अंगातून थेट समोरच्या माणसांवर, भिंतींवर आणि सामानावर पडते. फर्नेसचे काम ती जिथे उभी आहे ती जागा तापवण्याचे नसतेच. तिच्या आगपेटीभोवती, म्हणजे लाकडे जळतात त्या कप्प्याभोवती, काही अंतर सोडून पत्र्याचे वेष्टन असते, मधल्या पोकळीतून ब्लोअर हवा ढकलतो, ती तापलेली हवा वरच्या पत्र्याच्या पेटीत, म्हणजे प्लेनममध्ये जमते आणि तिथून डक्टमधून, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळांतून, खोल्याखोल्यांत पोहोचते. थोडक्यात, ब्लोअर, वेष्टन आणि डक्ट जोडण्याची तोंडे असतील तर ती फर्नेस, आणि यांपैकी काहीच नसेल तर तो स्टोव्ह, मग विकणारा त्याला काहीही म्हणो. आगपेटीभोवती हवेऐवजी पाणी खेळत असेल तर तो बॉयलर होय. त्याचे नियम आणि धोके निराळे असल्यामुळे तो विषय येथे घेतलेला नाही.

तळघरात स्टोव्ह ठेवून वरचे मजले तापतील ही अपेक्षा बहुतेक वेळा फसते. गरम हवा वर जाते हे खरे, पण स्टोव्हची बरीचशी उष्णता हवेत जाण्याआधी समोरच्या भिंतींवर पडते, आणि तळघराच्या भिंती उष्णतारोधक थर नसलेल्या काँक्रीटच्या असतील तर ती त्या भिंतींतून बाहेरच्या मातीत जात राहते. शिवाय गरम हवा वर जायची असेल तर तेवढीच थंड हवा खाली येण्यासही वाट हवी. वरच्या जमिनीला जाळी बसवून आणि जिन्याचे दार उघडे ठेवून हे काही अंशी साधते. मात्र तीच जाळी आग लागल्यास धुराला आणि ज्वाळांनाही वर नेते, म्हणून ती बसवण्यापूर्वी स्थानिक बांधकाम नियम पाहणे आवश्यक आहे. तळघरातच अभ्यासाची किंवा कामाची खोली असेल आणि भिंतींना उष्णतारोधक थर असेल, तर स्टोव्हइतके साधे आणि भरवशाचे साधन दुसरे नाही, असे माझे मत आहे. स्टोव्हभोवती घरीच पत्र्याचे वेष्टन करून त्याला पंखा व डक्ट जोडण्याचा प्रयत्न मात्र कोणी करू नये. त्या वेष्टनातले तापमान किती चढेल याची चाचणी कोणी केलेली नसते, आणि हवा जास्त तापल्यावर ती रोखणारे नियंत्रणही त्यात नसते.

आता ने-आण. दोन्ही वस्तू जड असल्या तरी त्यांचे जडपण वेगळ्या प्रकारचे असते. बिडाचा स्टोव्ह हा बहुधा वेगवेगळ्या फळ्या बोल्टने आवळून आणि सांध्यांत उष्णता सोसणारे फर्नेस सिमेंट भरून केलेला असतो. बीड ठिसूळ असल्याने एका पायरीवरून आदळला तरी फळीला तडा जातो किंवा सांधे सुटतात. अशा स्टोव्हचे पाय आधी काढावेत आणि तो पायांवर कधीही ओढू नये. फर्नेसची आगपेटी सहसा जाड पोलादी पत्र्याची आणि वेल्ड केलेली असल्याने ती धक्का सोसते, पण तिचे वेष्टन पातळ असते आणि ब्लोअरची मोटर नाजूक असते. म्हणून दार, जाळी, राखेचा कप्पा, आतल्या अग्निविटा, ब्लोअर आणि वेष्टनाचे पत्रे हे सारे सुटे करून आधी खाली न्यावे, आणि प्रत्येक विटेची जागा खडूने नोंदवावी किंवा छायाचित्र काढून ठेवावे. इतके काढल्यावर वजन लक्षात येईल इतके घटते आणि रुंदीही कमी होते. अरुंद दारातून जाणे किंवा न जाणे कित्येकदा या काही सेंटीमीटरवरच ठरते.

उरलेल्या पेटीचे वजन २०० किलो धरले आणि जिन्याचा उतार ४० अंशांचा असला, तर घर्षण बाजूला ठेवून उताराच्या दिशेने सुमारे १३० किलोचा ओढा सतत खाली खेचत असतो. दोन माणसांनी हाताने तो अडवून धरणे हा धोका पत्करण्याजोगा नाही. त्यावर सुटका साधी आहे: पायऱ्यांवर दोन जाड फळ्या टाकून घसरण तयार करावी, जिना लाकडी असेल तर त्याच्या बाजूच्या तुळ्यांना खालून टेकू द्यावेत, पेटी हातगाडीला पट्ट्यांनी घट्ट बांधावी आणि वर दाराच्या पलीकडे भिंतीला आडव्या टेकवलेल्या भक्कम वाशाला चेन पुली अडकवून भार हळूहळू खाली सोडावा. दाराची चौकट हा आधार नव्हे. ती ओढ्याने उखडते. भाराच्या खालच्या बाजूला, अगदी दिशा दाखवण्यासाठीही, कोणी उभे राहू नये. तळघराच्या सपाट जमिनीवर मात्र पाइपचे चार तुकडे आणि एक पहार यांनी एकटा माणूसही पेटी जागेवर नेऊ शकतो.

जागेवर आल्यावर, डक्ट जोडण्यापूर्वी, एक तपासणी चुकवू नये. तळघरात अंधार करून आगपेटीत दिवा लावावा आणि बाहेरून प्रत्येक वेल्ड, प्रत्येक कोपरा पाहावा. कुठूनही प्रकाशाची रेघ दिसली तर तिथे भेग आहे. स्टोव्हच्या भेगेतून आलेला धूर त्याच खोलीत दिसतो आणि नाकाला कळतो. फर्नेसच्या भेगेतून ब्लोअर चालू असताना हवा आत घुसून आग अनावर करते, आणि ब्लोअर थांबला की धूर व कार्बन मोनॉक्साइड वेष्टनात शिरतो, जो पुढच्या वेळी थेट झोपायच्या खोल्यांत पोहोचतो. जुनी फर्नेस घेताना मी सर्वांत जास्त भीती याचीच बाळगीन. कार्बन मोनॉक्साइडला वास नसल्याने त्याची सूचना देणारे यंत्र दोन्ही बाबतींत प्रत्येक मजल्यावर असलेच पाहिजे.

जळाऊ वस्तूंपासूनच्या अंतराबाबत उत्पादकाची पुस्तिका आणि स्थानिक नियम हेच अंतिम. पुस्तिका किंवा प्रमाणपत्र नसलेल्या स्टोव्हसाठी उत्तर अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या एनएफपीए २११ या मानकात सर्व बाजूंनी सुमारे ९० सेंमी आणि एकेरी पत्र्याच्या धुराच्या नळासाठी सुमारे ४५ सेंमी मोकळी जागा सांगितली आहे. फर्नेसचे वेष्टन अंग झाकत असल्याने तिला भिंतीजवळ कमी जागा पुरते, पण तिचा धोका वर सरकतो: प्लेनम आणि त्याला लागूनचा डक्ट तळघराच्या छताच्या लाकडी तुळ्यांजवळून जातो आणि गॅसच्या फर्नेससाठी केलेले जुने डक्ट त्या उष्णतेसाठी पुरेशा अंतरावर असतीलच असे नाही.

हवेच्या परतीच्या वाटेकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. स्टोव्हला केवळ जळणासाठी लागेल तेवढी हवा हवी असते. फर्नेसचा ब्लोअर मात्र त्याच्या कितीतरी पट हवा वर ढकलतो, आणि परतीचा डक्ट नसेल तर ती सगळी तळघरातूनच खेचतो. तळघरात हवेचा दाब घटतो आणि धुराड्यातून वर जायचा धूर उलटा खाली येतो. शेजारी गॅसवर चालणारा गीझर असेल तर त्याचाही धूर येतो. म्हणून वरच्या मजल्यावरून परतीचा डक्ट आणून तो फर्नेसला जोडणे ही सोयीची नव्हे तर सुरक्षेची बाब आहे. धुराडेही लाकडाच्या उपकरणाचे स्वतंत्र असावे, गॅस किंवा तेलाच्या उपकरणाबरोबर वाटून घेतलेले नसावे.

वीज गेली तर स्टोव्हला काही होत नाही. फर्नेसमध्ये ब्लोअर थांबतो, पण लाकडे जळतच राहतात आणि वेष्टनातली हवा तापत जाते. तिला स्वतःहून वर निघून जाता यावे म्हणून डक्टमधली सर्व तोंडे पूर्ण बंद करता येणार नाहीत अशी व्यवस्था हवी, आणि अशा वेळी नवे लाकूड न घालता पुस्तिकेत सांगितलेली कृती करावी.

थर्मोस्टॅटने हवा रोखल्यावर फर्नेसमधले लाकूड धुमसते आणि धुराड्यात क्रिओसोट स्टोव्हपेक्षा लवकर साठू शकतो. हा डांबरासारखा थर पेटला तर धुराड्यातले तापमान १००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. लाकूड २० टक्क्यांहून कमी ओलाव्याचे असावे आणि पहिल्या हंगामात धुराडे दर महिन्याला पाहावे.

पहिली आग लहानच लावावी, कारण रंग भाजला जाताना धूर व उग्र वास येतो आणि खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. थंड झाल्यावर दारात कागदाची पट्टी धरून दार बंद करावे. पट्टी सहज निघून आली तर दाराच्या कडेला फट बंद करण्यासाठी बसवलेली दोरी बदलावी. स्टोव्हचे काम येथे संपते. फर्नेसबाबत मात्र दोनतीन आगींनंतर डक्टचे सगळे सांधे पुन्हा एकदा तपासावे लागतात, कारण तापून फुगलेला आणि निवून आकसलेला पत्रा पहिल्या जोडणीचे स्क्रू सैल करतो.