अपडेट टाकलं, पण सर्व्हर रीस्टार्ट केला का?

लिनक्स सर्व्हर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

“अपडेट तर मारलंय ना दादा, मग परत मशीन बंद कशाला करायला लावता?” जळगाव, चोपडा, सावदा, सगळीकडून हाच फोन येतो. म्हणून एकदा नीट लिहून देतो.

विषय आहे कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, दोषाचा, नोंद क्रमांक सीव्हीई-२०२४-१०८६. मेमरीतली जागा कोणत्या कामाला द्यायची आणि कधी परत घ्यायची, हे कर्नल ठरवतो. त्याच्या ‘एनएफ टेबल्स’ या फायरवॉलच्या, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा तपासणाऱ्या, भागात मेमरीचा एकच तुकडा दोनदा मोकळा करता येत होता. जिनिंगच्या गोदामात मुनीमजींनी एकच जागा वहीत दोनदा रिकामी लिहिली, तर ती दोन व्यापाऱ्यांना दिली जाते आणि एकाच्या गाठींवर दुसऱ्याचा हात पडतो. इथेही तसंच. साधं लॉगिन असलेला माणूस या वाटेनं रूट होतो, म्हणजे सगळ्या सर्व्हरचा ताबा घेतो. निव्वळ या दोषातून बाहेरचा माणूस आत येत नाही, हे खरं. पण गेल्या सीझनच्या ऑपरेटरचं लॉगिन बंद केलंत का? आम्हाला ते बऱ्याच ठिकाणी चालूच सापडतं.

दुरुस्ती २०२४च्या सुरुवातीलाच आली. मार्चमध्ये हल्ल्याचा चालणारा कोड सगळ्यांसाठी खुला झाला. मे महिन्यात अमेरिकेच्या ‘सिसा’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं हा दोष प्रत्यक्ष वापरला जात असल्याची नोंद घेतली.

आता नेमकी चूक कुठे होते ते सांगतो. अपडेट नवा कर्नल डिस्कवर ठेवतं. काम मात्र मेमरीत चढलेला जुनाच कर्नल करत असतो आणि रीस्टार्ट होईपर्यंत तोच करतो. तुम्ही निर्धास्त, दोष जिथल्या तिथे. काउंटरवरचा मुलगा मॉनिटर बंद-चालू करतो आणि “रीस्टार्ट केलं” म्हणून सांगतो. लॉगआउट केलं तरी तेच सांगतो. टर्मिनलवर, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, ‘अपटाइम’ (uptime) टाइप करून बघा. सर्व्हर किती दिवस सलग चालू आहे ते दिसेल. तितके दिवस मागे मोजून अपडेटच्या तारखेच्याही आधीची तारीख येत असेल, तर दुरुस्ती अजून लागू झालेली नाही. आणि कृपा करून प्लग खेचू नका. त्यात बिलिंगचा डेटाबेस बिघडला, की तो सावरण्यात आमचा आणि तुमचा अख्खा दिवस जातो.

चालू मशीनवरच दुरुस्ती बसवणारी ‘लाइव्ह पॅच’ सोय आहे, ती का देत नाही, असंही विचारलं जातं. ती चांगली आहे, पण प्रत्येक दुरुस्ती तिच्यातून येत नाही. शिवाय रीस्टार्टनंतर बिलिंग, प्रिंटर, वजनकाटा सगळं चालतंय का, हे आम्ही समोर बसून बघतो. कधी नव्या कर्नलवर काट्याचा ड्रायव्हर, म्हणजे काटा सर्व्हरशी जोडणारा प्रोग्राम, चालत नाही आणि कुणीतरी सुरुवातीच्या मेनूतून जुना कर्नल निवडून ठेवतं. मग सगळी मेहनत वाया. असं झालं तर आम्हाला बोलवा, ड्रायव्हर नवा टाकून देऊ.

वार्षिक करारातल्या ग्राहकांकडे दुकान बंद झाल्यावर आम्ही येतो. आधी बॅकअप, मग रीस्टार्ट, मग तपासणी; त्याचे वेगळे पैसे नाहीत. करार नसेल तर एका भेटीचा आकार लागेल, त्याच भेटीत जुनी लॉगिनही काढून देऊ. जिनिंगवाल्यांनी दसऱ्याआधीची रात्र कळवावी. एकदा कापसाच्या गाड्या लागल्या, की काटा थांबवायला तुम्हालाही परवडत नाही.