परदेशात राहून मतदार यादीत नाव कसं नोंदवायचं: नमुना ६अ, पात्रता, कागदपत्रं आणि पासपोर्टवरचा पत्ता

माझ्या जुन्या पासपोर्टवर कोथरूडमधल्या भाड्याच्या फ्लॅटचा पत्ता होता. पहिली नोकरी लागली तेव्हा तिथे राहत होतो, पासपोर्ट तिथूनच काढला आणि वर्षभरात आखातात आलो. पुढे कधीतरी मतदार यादीत नाव घालायचं ठरवलं, ऑनलाइन अर्ज भरला आणि तो नेमका त्या पत्त्यावर अडकला. चौकशीला माणूस गेला तेव्हा फ्लॅटमध्ये दुसरंच कुटुंब राहत होतं. ‘या नावाचं इथे कुणी नाही’ असं त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. सगळं निस्तरून नाव यादीत यायला पुढे वर्ष गेलं. इतरांचं जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

‘तिकडे राहून मत कशाला हवं?’ हा प्रश्न मला घरच्यांनीही विचारला होता. माझं उत्तर असं की दिल्लीत ठरणाऱ्या नियमांचा चटका इथेही बसतो. २०१६ च्या नोटाबंदीत परदेशात अडकलेल्या अनिवासी भारतीयांना जुन्या नोटा जमा करायला ३० जून २०१७ पर्यंत मुदत मिळाली, पण ती माणशी २५ हजारांपर्यंतच, आणि रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, नागपूर या पाचच कार्यालयांत. २०२० च्या वित्त कायद्याने भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असलेल्या अनिवासी नागरिकासाठी, भारतात राहूनही आयकराच्या हिशेबात अनिवासीच राहण्याची १८२ दिवसांची मुभा १२० दिवसांवर आणली. आजारी आईवडिलांपाशी चार महिने राहायला जाणाऱ्याला आता कॅलेंडर घेऊन बसावं लागतं. असे निर्णय घेणारी लोकसभा निवडून येते तेव्हा आपलं नाव निदान यादीत तरी असावं.

हा हक्क तसा नवा आहे. २०१० साली लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० मध्ये दुरुस्ती होऊन कलम २०अ आलं आणि २०११ पासून परदेशातल्या भारतीय नागरिकाला मतदार होता येऊ लागलं. त्याआधी ‘सर्वसाधारण रहिवासी’ ही अट आडवी यायची. परदेशी स्थायिक झालेला माणूस त्या पत्त्यावर राहतच नाही, म्हणून त्याचं नाव वगळलं जायचं.

कोण अर्ज करू शकतं

कलमातल्या अटी थोडक्या आहेत. तुम्ही भारताचे नागरिक असायला हवं आणि दुसऱ्या कुठल्याही देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसावं. नोकरी, शिक्षण किंवा अन्य कारणाने तुम्ही भारतातल्या तुमच्या राहत्या जागेपासून दूर, परदेशात असायला हवं. आणि तुमचं नाव आधीपासून कुठल्याही मतदार यादीत नसावं. वय अर्हता दिनांकाला, म्हणजे वय मोजण्यासाठी ठरलेल्या तारखेला, १८ पूर्ण हवं. २०२२ पासून वर्षाला चार अर्हता दिनांक आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्यामुळे परदेशी शिकायला गेलेल्या मुलांना पुढच्या जानेवारीची वाट पाहावी लागत नाही.

इथे दोन गोंधळ मी वारंवार पाहतो. ग्रीन कार्ड किंवा कुठल्याही देशातलं कायम वास्तव्याचं परवानापत्र म्हणजे नागरिकत्व नव्हे. असा माणूस अजून भारतीय नागरिकच आहे, त्याने खुशाल अर्ज करावा. उलट परदेशी नागरिकत्वाची शपथ घेतली, की नागरिकत्व अधिनियम १९५५ च्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. हातात ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असलं तरी मतदानाचा हक्क राहत नाही. त्या कार्डाच्या नावात नागरिकत्व हा शब्द असल्याने अनेकांची फसगत होते.

दुसरा गोंधळ ‘एनआरआय’ या शब्दाचा. आयकरासाठी अनिवासी ठरणं हा दिवसांचा हिशेब आहे, मतदार नोंदणीत तो चालत नाही. तिथे पासपोर्ट, व्हिसा आणि तुम्ही परदेशी राहता ही वस्तुस्थिती एवढंच पाहतात. दोन-तीन महिन्यांच्या कामासाठी किंवा मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी आलेल्यांनी यातलं काहीच करायची गरज नाही. तात्पुरतं बाहेर गेल्याने गावातल्या यादीतला हक्क जात नाही.

पासपोर्टमधला पत्ता: सगळं इथे ठरतं

परदेशस्थ मतदाराची नोंद कुठल्या मतदारसंघात व्हायची हे तुम्ही निवडू शकत नाही. कायदा सांगतो, पासपोर्टमध्ये भारतातलं जे निवासस्थान नोंदलं आहे, ते ज्या मतदारसंघात येतं तिथेच. आईवडील आता कुठे आहेत, तुम्ही नवा फ्लॅट कुठे घेतला, याला किंमत नाही.

म्हणून पोर्टल उघडण्याआधी पासपोर्टमधला पत्ता वाचा आणि स्वतःला एक प्रश्न विचारा. उद्या सकाळी कुणी सरकारी माणूस या दारात उभा राहिला, तर मला ओळखणारं कुणी दार उघडेल का? उत्तर ‘हो’ असेल तर अर्ज करा. ‘नाही’ असेल, तर दोन वाटा आहेत. त्याच पत्त्यावरून अर्ज करायचा आणि पडताळणी दूतावासामार्फत होण्याची वाट पाहायची, किंवा आधी पासपोर्टमधला पत्ता बदलून घ्यायचा. माझ्या पासपोर्टची मुदत तशीही संपत आली होती, म्हणून मी दूतावासातून तो गावच्या घराच्या पत्त्यावर नव्याने काढला आणि मग पुन्हा अर्ज केला. नव्या पत्त्यावर पोलीस पडताळणी होते, तेव्हा घरच्यांना आधी कळवून ठेवा.

पत्ता कळला तरी मतदारसंघ कळतोच असं नाही. पासपोर्टवर गाव, तालुका, जिल्हा असतो, विधानसभा मतदारसंघ नसतो. एकाच तालुक्यातली गावं दोन-दोन मतदारसंघांत विभागलेली असतात. सोपा उपाय म्हणजे त्याच घरात राहणाऱ्या वडिलांचं किंवा भावाचं नाव मतदार यादीत शोधा. त्यांच्या नोंदीत मतदारसंघाचं नाव आणि यादीचा भाग क्रमांक मिळतो. तोच तुमचा.

अर्ज आणि कागदपत्रं

अर्जाचं नाव नमुना ६अ. भारतात राहणाऱ्यांचा साधा नमुना ६ वेगळा, तो चुकून भरू नका. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा आयोगाच्या अ‍ॅपवर तो ऑनलाइन भरता येतो. कागदावर भरून मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे टपालाने पाठवता येतो, किंवा सुट्टीत आलात तर हाती देता येतो. दूतावासातही कोरा अर्ज मिळतो. कशालाही शुल्क नाही. ‘एनआरआय मतदार कार्ड काढून देतो’ म्हणत कुणी पैसे मागत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, असं कार्ड मुळात दिलंच जात नाही.

जोडायचं असतं ते एवढंच: अलीकडचा रंगीत फोटो, पासपोर्टच्या फोटो, वैयक्तिक माहिती आणि भारतातला पत्ता असलेल्या पानांची प्रत, आणि वैध व्हिसा असलेल्या पानाची प्रत. टपालाने पाठवत असाल तर प्रत्येक झेरॉक्सवर स्वतः सही करून साक्षांकित करा. स्वतः जाऊन देत असाल तर मूळ पासपोर्ट बरोबर न्या. तो पाहून लगेच परत देतात.

अर्जात पासपोर्ट आणि व्हिसाचे क्रमांक, दिल्याच्या आणि संपण्याच्या तारखा, परदेशातला पूर्ण टपाली पत्ता, देश सोडल्याची तारीख आणि कारण विचारलेलं असतं. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा. आपल्याकडे आधी आडनाव लिहायची सवय असते, वडिलांचं नाव कुठे मधे येतं, कुठे गळतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर अक्षरन् अक्षर ताडून पाहावं.

शेवटी घोषणापत्र आहे. मी भारताचा नागरिक आहे, परदेशी नागरिकत्व घेतलेलं नाही, घेतलं किंवा कायमचा परतलो तर कळवेन, असं तुम्ही लिहून देता. आधीच्या यादीत नाव असेल तर तेही सांगायचं असतं आणि जुनं मतदार ओळखपत्र परत करायचं असतं. हा भाग बरेच जण लपवतात. गावच्या यादीत जुनं नाव तसंच आहे, ते असू दे, हे दुसरं वेगळं काढतो, असा विचार करतात. कृपा करून तसं करू नका. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्यात बसत नाही, आणि खोट्या घोषणेला १९५० च्या अधिनियमाच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

बीएलओ घरी येतात तेव्हा

अर्ज पोचला की मतदार नोंदणी अधिकारी तो सात दिवस हरकतींसाठी प्रसिद्ध करतात आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, पासपोर्टमधल्या पत्त्यावर जातात. ती पडताळणी म्हणजे काय, हे मला दुसऱ्या अर्जाच्या वेळी वडिलांच्या फोनमुळे कळलं. गावातल्या अंगणवाडीच्या बाईच बीएलओ होत्या. ओटीवर बसून त्यांनी अर्जाची प्रत काढली. वडिलांनी माझ्या पासपोर्टची झेरॉक्स रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली होती, ती पुढे केली. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट फिरवत नंबर जुळवला, मुलगा कधी गेला, कुठे असतो, तिकडचं नागरिकत्व घेतलंय का, असं विचारलं आणि नातेवाईक म्हणून वडिलांची सही घेतली. दहा मिनिटांचं काम. पण ते झालं, कारण दार उघडणारा माणूस होता आणि त्याच्या हाताशी कागद होता. अर्ज केलात की पासपोर्ट आणि व्हिसाची एकेक प्रत घरी आधीच पाठवून ठेवा, आणि घरच्यांना उत्तरं सांगून ठेवा. म्हातारी माणसं सरकारी कागद पाहून घाबरतात आणि ‘मला काही माहीत नाही’ म्हणून मोकळी होतात.

घरी नातेवाईक नसेल, असूनही लिहून द्यायला तयार नसेल, किंवा अधिकाऱ्याचं समाधान झालं नाही, तर कागद तुम्ही राहता त्या देशातल्या भारतीय दूतावासाकडे पडताळणीला जातात. म्हणजे घर बंद आहे म्हणून अर्ज फेटाळलाच जावा असं नाही. वेळ मात्र जास्त लागतो. म्हणून निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की ती निवडणूक होईपर्यंत यादीत नाव घालता येत नाही.

निर्णय टपालाने आणि मोबाइलवर संदेशाने कळतो. तरी पोर्टलवर अर्जाचा क्रमांक टाकून अधूनमधून बघत राहा. नाव येतं ते त्या भागाच्या यादीच्या शेवटी, परदेशस्थ मतदारांच्या वेगळ्या विभागात. चूक दिसली तर नमुना ८ भरून दुरुस्त करता येते.

मत द्यायला मात्र यावं लागतं

इथे मला मनापासून वाईट वाटतं. नाव परदेशातून नोंदवता येतं, मत देता येत नाही. मतदानाच्या दिवशी स्वतःच्या केंद्रावर हजर राहायचं आणि मूळ पासपोर्ट दाखवायचा, तिथे तोच तुमचा ओळखीचा पुरावा. दूतावासात नेमलेल्या भारत सरकारच्या कर्मचाऱ्याला सेवा मतदार म्हणून मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मिळते आणि तो ती टपालाने परत पाठवतो. त्याच शहरात राहणाऱ्या वेल्डरला, नर्सला, विद्यार्थ्याला ही सोय नाही. प्रतिनिधीमार्फत मतदानाची तरतूद करणारं विधेयक लोकसभेने ऑगस्ट २०१८ मध्ये मंजूर केलं होतं, पण राज्यसभेत ते पुढे गेलं नाही आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच रद्दबातल झालं. २०२० मध्ये निवडणूक आयोगाने इलेक्ट्रॉनिक मतपत्रिकेची सोय परदेशस्थांनाही द्यावी असा प्रस्ताव कायदा मंत्रालयाला पाठवला. त्याचाही अजून कायदा झालेला नाही.

२०२४ च्या लोकसभेला देशभरात १,१९,३७४ परदेशस्थ मतदार नोंदलेले होते. मत दिलं २,९५८ जणांनी, आणि त्यातले बहुतेक केरळचे. महाराष्ट्रात नोंद ५,०९७ जणांची, मत दिलं फक्त १७ जणांनी. परराष्ट्र मंत्रालयाच्या हिशेबाने परदेशातले भारतीय नागरिक दीड कोटीहून जास्त आहेत. केरळच्या यादीत तेव्हा सुमारे ९० हजार नावं होती, म्हणून तिथले उमेदवार आखातातल्या कामगारांच्या वस्तीत येऊन बोलतात. आपली पाच हजार नावं कुणाच्या डोळ्यांवर येणार? तिकिटाचा खर्च परवडत नाही हे मला कळतं, मलाही दर वेळी जमत नाही. पण नाव नोंदवायला तिकीट लागत नाही, आणि मतदानाची सोय मागायची तर मागणारे किती आहेत हे यादीतच दिसलं पाहिजे.

नाव आल्यावर दोन-तीन गोष्टी सांभाळा. परदेशातला पत्ता बदलला तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवा. परदेशी नागरिकत्व घेतलं तर लगेच कळवा, नाव तेव्हा वगळावंच लागतं. आणि कायमचे परतलात, की परदेशस्थ म्हणून असलेली नोंद आपोआप साध्या मतदाराची होत नाही. परत आल्याचं कळवून, आता राहता त्या पत्त्यावर नमुना ६ भरायचा. त्यानंतर इतरांसारखं मतदार ओळखपत्रही मिळतं.