शिमग्याआधी मोगऱ्याला कात्री

कुंडीतला मोगरा हिरवागार दिसतो, पण कळी धरत नाही. मार्च लागला की कोल्हापुरात घरोघरी हीच तक्रार. बहुतेक वेळा चूक खताची नसते, फेब्रुवारीत कात्री न लावल्याची असते.

मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या टोकाला येते, बहुधा तीन-तीनच्या झुबक्यात. जेवढे नवे शेंडे, तेवढा बहर. शेंडा शाबूत असेपर्यंत त्यात तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक खाली उतरतं आणि पानांच्या बगलेतले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, दाबून ठेवतं. शेंडा कापला की तेच डोळे फुटतात. मोगऱ्याची पानं समोरासमोर जोडीनं येतात, त्यामुळे एका कापाला दोन फुटवे मिळण्याची सोय झाडातच आहे.

म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत झाडाची उंची एक तृतीयांश कमी करा. काप पानांच्या जोडीच्या पाव इंच वर, धारदार कात्रीनं. वाळक्या आणि आत वळलेल्या काड्या बुडातून काढा. वरची दोन इंच माती उकरून तिच्या जागी दोन ओंजळी पूर्ण कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला. हे प्रमाण बारा इंची कुंडीचं. यानंतर पाणी मात्र हात राखून. पानं कमी झाली की झाड पाणी कमी ओढतं. रोजच्या सवयीनं ओतत राहिलं तर मुळं कुजतात. डोळे फुगून कोवळी पालवी दिसली की पाणी वाढवा. उन्हात कुंडी ठेवणं अर्थातच आलं, निदान पाच-सहा तास.

पंचगंगेकाठची काळी माती उसाला सोन्यासारखी, कुंडीत मात्र त्रासदायक. वाळली की ती आकसते आणि कुंडीच्या कडेनं फट पडते. घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खालच्या भोकाबाहेर येतं. आपल्याला वाटतं कुंडी भिजली, आतला गोळा कोरडाच असतो. पन्हाळा-राधानगरीकडची तांबडी माती दोन भाग, शेणखत एक भाग, जाड वाळू एक भाग हे मिश्रण उत्तम. बोट इंचभर खुपसावं. कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेही खालून ठिबकेपर्यंत.

बोअरचं जड पाणी सतत घातलं की मातीचा सामू (pH) चढतो आणि लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, ही त्याची खूण. जुनी पानं आधी पिवळी पडली तर कमतरता नत्राची समजावी: नत्र जुन्या पानातून नव्याकडे जाऊ शकतं, लोह सहसा हलत नाही. लोहासाठी लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. फरशीवर सांडू देऊ नका, तांबडा डाग जात नाही.

एप्रिलच्या उन्हात गच्चीवरची माती झाकायला गुऱ्हाळावरचं चिपाड छान, पण आधी धुऊन खडखडीत वाळवलेलं. गोडवा उरला तर मुंग्या येतात आणि मुंग्या पिठ्या ढेकणाला, म्हणजे रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडीला, जपतात. चिपाड मातीत कालवू नये. ते कुजवणारे जिवाणू झाडाच्या वाट्याचं नत्र ओढून घेतात. वर दीड-दोन इंचांचा थर पुरे, खोडापासून चार बोटं लांब.